घाटात ऑटोमॅटिक पिकअपचा गिअरबॉक्स पुन्हा पुन्हा तापत असेल तर

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. रविवारी सिंहगडाच्या घाटात गाड्यांची रांग, गाडीत चार माणसं, मागे सामान, एसी चालू, आणि शेवटच्या दोन-तीन वळणांवर गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवा लागतो. अर्धा तास थांबलं की दिवा जातो. मग आठवडाभर कोथरूड ते हिंजवडी गाडी बिनतक्रार पळते. सर्व्हिसला दाखवली तर स्कॅनरवर काही सापडत नाही, 'तेल बदलून टाकू' एवढ्यावर भागतं. महिन्याभराने सासवडकडच्या दिवे घाटात पुन्हा तोच दिवा लागतो.

आपल्याकडे डिझेल ऑटोमॅटिक पिकअप म्हणजे मुख्यतः दोनच, १.९ लिटरची इसुझू व्ही-क्रॉस आणि २.८ लिटरची टोयोटा हायलक्स. दोन्हींत सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टरवाला, म्हणजे इंजिनची ताकद क्लचऐवजी तेलातून पुढे देणारा, गिअरबॉक्स आहे. खालचं सगळं या दोघींना लागू आहे, आणि त्याच घडणीच्या लॅडर फ्रेमवाल्या (बॉडी वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर बसवलेल्या) डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्हींनाही. मुद्दा एकच. गिअरबॉक्स तापतो, एवढ्यावरून दोष सापडत नाही. तो नेमका कधी तापतो, यावरून सापडतो. हे न पाहता आधी गिअरबॉक्सच्या तेलासाठी बाहेरचा कूलर विकत घेणारे बरेच असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना फक्त रेडिएटरची जाळी धुवायची गरज असते.

दिवा आत्ता लागलाय तर

जागा दिसेल तिथे बाजूला घ्या, पी मध्ये टाका, हँडब्रेक ओढा आणि इंजिन चालूच ठेवा. गिअरबॉक्सचा तेलपंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद झालं की तेल कूलरकडे जाणं थांबतं आणि कन्व्हर्टरमधलं सगळ्यात तापलेलं तेल जागच्या जागी बसून राहतं. एसी बंद करा. दोन-तीन मिनिटं १२०० ते १५०० आरपीएमवर धरा, मग आयडलवर सोडून द्या. साधारण १० ते १५ मिनिटांत दिवा जातो. गेल्यावरही आणखी पाच मिनिटं थांबून मगच चढाला लागा.

इंजिन बंद करायचं ते तीनच प्रसंगी: इंजिनच्या पाण्याचा काटाही लालकडे गेला असेल, खाली तेलाची धार दिसत असेल, किंवा धूर आणि करपट वास येत असेल. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, जाळीवर बाटलीने पाणी ओतायचं नाही. लाल झालेल्या गाडीवर गार पाणी ओतणारे हितचिंतक घाटात हमखास भेटतात, त्यांना हात जोडून नको म्हणा.

उष्णता येते कुठून

मॅन्युअल गाडी घाटात हाफ क्लचवर धरली तर क्लच जळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. टॉर्क कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू आतल्या क्लचने एकत्र जोडल्या जातात, त्याला लॉकअप म्हणतात. तो लॉक झालेला नसतो तेव्हा रचनेनेच हाफ क्लचवर असतो. फरक इतकाच की घासायला प्लेटांऐवजी तेल असतं. इंजिनकडची बाजू जास्त फिरते, गिअरबॉक्सकडची कमी, आणि मधली सगळी तफावत, म्हणजेच स्लिप, तेलात उष्णता होऊन उतरते.

आकडे लावून पाहू. माणसं-सामानासह २५०० किलोची गाडी, १० टक्क्यांचा चढ, वेग ताशी २० किलोमीटर. चाकांपाशी लागणारी ताकद साधारण १५ ते १६ किलोवॉट. एवढ्या कमी वेगात कन्व्हर्टर ६० टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर इंजिनला २६ किलोवॉट द्यावे लागतात आणि त्यातले १० किलोवॉट तेलात जातात. म्हणजे बाथरूममधले २ किलोवॉटचे पाच गीझर एकाच वेळी १० लिटर तेलात चालू. कूलर अजिबात नसता तर तेल मिनिटाला ३० ते ३५ अंशांनी चढलं असतं. आता तीच गाडी सातारा रस्त्यावरच्या खंबाटकी घाटात ताशी ५० ने, ॲक्सिलरेटर बऱ्यापैकी दाबून चढते तेव्हा इंजिन दुप्पट ताकद लावत असतं, पण स्लिप कमी असते, लॉकअप लागलेला असू शकतो आणि जाळीवर वारा भरपूर असतो. म्हणून खंबाटकी बिनबोभाट पार करणारी गाडी सिंहगडाच्या रांगेत तापते. सगळ्यात वाईट म्हणजे चढावर ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरवर गाडी जागीच तोलून धरणं. तेव्हा चाकांना शून्य मिळतं आणि सगळीच्या सगळी ताकद तेल तापवते.

तापमान आधी वाचता आलं पाहिजे

डॅशबोर्डवरचा दिवा ही शेवटची घंटा आहे. ब्लूटूथवाला ओबीडी डोंगल (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लागणारं छोटं यंत्र) आणि फोनवरचं ॲप एवढ्यात काम होतं, पण साध्या ॲपमध्ये फक्त इंजिनच्या पाण्याचं तापमान दिसतं. गिअरबॉक्सच्या तेलासाठी तुमच्या कंपनीचे वेगळे पीआयडी (गाडीकडून कोणता आकडा मागायचा ते सांगणारे कोड) ॲपमध्ये घालावे लागतात. डोंगल घेण्याआधी तुमच्या मॉडेलसाठी ते मिळतात का, याची खात्री करा. काही गाड्यांत दोन आकडे येतात, पॅनमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यातल्या तेलाचा आणि कन्व्हर्टरमधून बाहेर पडणाऱ्या तेलाचा. दुसरा आधी आणि झपाट्याने चढतो, नजर त्याच्यावर ठेवा.

पॅनचं तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअस असेल तर पुण्यात ते नेहमीचं समजा. घाटात काही वेळ १०० ते ११० झालं तरी घाबरायचं कारण नाही. ११० च्या पुढे गाडीला मोकळीक द्या, १२० ला थांबा. १३० च्या पुढे रबरी सील कडक होऊ लागतात आणि तेलाचा चिकट थर व्हॉल्व्हांवर बसतो, १५० च्या आसपास क्लच प्लेटांचं अस्तर करपतं. मेकॅनिक मंडळींचा जुना ठोकताळा असा की ८० अंशांच्या वर दर १० अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं. ठोकताळाच आहे, पण दिशा बरोबर सांगतो.

पुढचे आठ दिवस फक्त नोंद ठेवा: रस्ता, वेग, एसी, बाहेरचं तापमान, पाण्याचं तापमान, तेलाचं तापमान. दोष कुठे आहे ते या कागदावरच दिसतं.

कधी तापतो, त्यावरून संशय कुठे

फक्त हळू चढावर तापतो आणि सपाटीला लागल्यावर दहा मिनिटांत उतरतो, तर गिअरबॉक्स बहुधा ठणठणीत आहे. गिअरची निवड, वजन, टायर यांकडे पाहा.

चांदणी चौक, वाघोली, कात्रज-कोंढवा अशा रखडलेल्या ट्रॅफिकमध्ये चढतो आणि हायवेला उतरतो, तर हवा कमी पडते आहे. पंखा आणि जाळी.

हायवेला ८०-९० च्या सरळ वेगातही चढत राहतो, ही सगळ्यात गंभीर खूण. लॉकअप लागत नसेल, कूलरमधून तेल पुरेसं वाहत नसेल, किंवा रेडिएटर आतून भरला असेल.

सर्व्हिसनंतर लगेच सुरू झालं, तर तेलाची पातळी किंवा तेलाचा प्रकार चुकला आहे. बंपर, लाइट बार किंवा विंच (रुतलेली गाडी ओढायची चरखी) लावल्यावर सुरू झालं, तर उत्तर तुमच्या समोरच लटकतंय, जाळीची हवा अडवत.

जाळी आणि पंखा

समोरून पाहिलं तर जाळी स्वच्छच दिसते, इथेच फसगत होते. पुढे एसीचा कंडेन्सर, मागे रेडिएटर, काही गाड्यांत मध्ये इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), आणि कचरा साठतो तो या थरांच्या मधल्या फटीत. ऊस वाहतुकीच्या दिवसांत पाचटाचा भुसा, पावसाळ्यात ताम्हिणीच्या कच्च्या वाटांवरचा चिखल, वर्षभर किडे. चिखल वाळला की विटेसारखा बसतो. पडताळणी सोपी आहे. अंधारात इंजिनच्या बाजूने जाळीला टॉर्च लावा आणि पुढून पाहा. प्रकाश सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. खालच्या कोपऱ्यांत अंधार असेल तर तिथली जाळी चोक आहे, आणि गिअरबॉक्सचा कूलर बऱ्याचदा त्याच बाजूला असतो.

धुताना इंजिन पूर्ण गार हवं. वरचं प्लास्टिक कव्हर काढा. साध्या साबणाचं पाणी शिंपडून १५ मिनिटं चिखल भिजू द्या. मग नळीने, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूकडून पुढे असं पाणी मारा, म्हणजे कचरा आला तसा बाहेर जाईल. पुढून मारलं तर तो आणखी आत रुतेल. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर गनने मारायचंच असेल तर किमान अर्धा मीटर अंतर आणि धार सरळ हवी. तिरकी धार मारली की ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे आडवे होतात, आणि आडवा झालेला पत्रा चिखलाइतकीच हवा अडवतो. अलॉयला मारतात ते ॲसिड जाळीला लावू देऊ नका. पाणी पुढून स्वच्छ येईपर्यंत दोन-तीनदा करावं लागतं, अर्धा-पाऊण तास जातो.

पंखा व्हिस्कस कपलिंगचा, म्हणजे आतल्या घट्ट सिलिकॉन तेलाच्या जोरावर फिरणारा असेल तर दोन चाचण्या करा. इंजिन चांगलं तापलेलं असताना बंद करा. पंखा एखाद्या फेरीत थांबायला हवा. आरामात चार-पाच गिरक्या घेत राहिला तर कपलिंगमधलं सिलिकॉन तेल गेलं. दुसरी, इंजिन गार आणि बंद असताना हाताने फिरवा. जडपणा जाणवला पाहिजे. मधल्या चकतीवर तेलकट, धुळीने काळे झालेले ओघळ दिसले तर चाचणीचीही गरज नाही. कपलिंगमध्ये सिलिकॉन तेल भरून देणारे कारागीर आहेत, पण ज्या सीलमधून ते गेलं ते सील तसंच राहतं. नवं कपलिंग घातलेलं बरं. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं आवरण शाबूत आहे ना, तेही पाहा. ते फुटलं असेल तर पंखा जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो.

तेलाची पातळी, आणि उन्हाळ्यातली चूक

'सर्व्हिस केली तरी पुन्हा तापतो' यामागे हे कारण फार वेळा निघतं, म्हणून जरा सविस्तर.

या गिअरबॉक्सांना डिपस्टिक नसते. खाली ओव्हरफ्लोचं बूच असतं आणि तेल ठरावीक तापमानाला असताना, इंजिन चालू ठेवून, ते उघडून पातळी ठरते. ही मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते, साधारण ४० ते ५५ अंशांच्या मधला एक छोटा टप्पा. आता एप्रिलची दुपार घ्या. पारा चाळिशीला, गाडी ट्रॅफिकमधून वर्कशॉपला आलेली, तेल ८५ ला. त्याच अवस्थेत बूच उघडलं तर फुगलेलं तेल धारेने बाहेर येतं, मेकॅनिकला वाटतं जास्त आहे, थेंबांवर येईपर्यंत सोडून देतो आणि बूच लावतो. १० लिटर तेल ४० अंशांनी जास्त गरम असेल तर ते जवळपास ३०० मिलीने फुगलेलं असतं. म्हणजे गाडी ३०० मिली कमी घेऊन घरी गेली. चढावर तेल पॅनच्या मागच्या बाजूला सरकतं, पंप मध्येच हवा ओढतो, दाब पडतो, क्लच स्लिप मारतात, तेल आणखी तापतं. आणि पुढच्या सर्व्हिसला पुन्हा तीच चूक.

म्हणून हे काम सकाळचं. गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये उभी असावी. लिफ्टवर चारही बाजूंनी समतल घ्या, सोसायटीच्या रॅम्पवर किंवा एकाच बाजूला जॅक लावून चालणार नाही. स्कॅनर लावून तेलाचं तापमान समोर ठेवा. इंजिन सुरू करून ब्रेकवर पाय ठेवून पी, आर, एन, डी या प्रत्येक जागी चार-पाच सेकंद थांबत जा आणि पी ला परत या. तेल टप्प्यात शिरलं की बूच उघडा. बारीक धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर वरच्या छिद्रातून तेल भरा, धार सुरू होईपर्यंत. वॉशर दर वेळी नवा. आयडलवर टप्पा काही मिनिटांत ओलांडला जातो, तेव्हा अवजारं आधी हाताशी ठेवा. टप्पा गेला तर गाडी बंद करून निवू द्यायची, 'चालतंय' म्हणून पुढे जायचं नाही.

जास्त भरणंही तितकंच वाईट. फिरणारे भाग तेलात बुडतात, फेस होतो, आणि फेसाने ना दाब मिळतो ना उष्णता वाहून नेली जाते.

बाहेर आलेलं तेल पांढऱ्या टिश्यूवर टाकून दोन मिनिटं पाहा. लालसर किंवा तपकिरी, पसरत जाणारा डाग ठीक. मध्येच काळा गोळा राहून कडेने पिवळट वर्तुळ पसरलं आणि करपट वास आला तर प्लेटा जळायला लागल्यात. गुलाबी, दुधट, स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून कूलंट तेलात शिरलं आहे. त्या क्षणी गाडी चालवणं थांबवा, वर्कशॉपपर्यंतही नाही. कूलंट प्लेटांच्या अस्तराचा गोंद सोडवतं, नुसतं तेल बदलून ते भरून निघत नाही.

तेलाचा प्रकार कंपनीने सांगितलेलाच हवा. हायलक्सला टोयोटाचं डब्ल्यूएस प्रकारचं पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं. जुन्या डेक्सरॉन-३ चा डबा 'एकच असतं हो' म्हणून कोणी पुढे केला तर घेऊ नका. नाना पेठेत घेताना सीलबंद डबा, छापील बॅच आणि पक्कं बिल, तिन्ही बघा. 'लाइफटाइम फिल' हे शब्द घाटात, ओझ्यावर चालणाऱ्या गाडीसाठी विसरून जा. अशा वापरात ४० ते ६० हजार किलोमीटरला बदल हवा. पॅनचं बूच उघडून एका वेळी साधारण साडेतीन लिटरच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं. एकूण १० लिटर धरलं तर एकदा काढून भरल्यावर ३५ टक्के तेल नवं, मध्ये काहीशे किलोमीटर चालवून तिसऱ्यांदा केल्यावर जवळपास ७२ टक्के. ज्या गाडीचं तेल लाखभर किलोमीटर बदललेलंच नाही तिला मशिनने जोरात फ्लश करण्यापेक्षा हा सावकाश मार्ग आम्हाला बरा वाटतो. पॅन उघडलाच तर आतले चुंबक पाहा. राखाडी, मऊ लोण्यासारखा थर नेहमीचा असतो. चमकणारे तुकडे किंवा काळे पापुद्रे निघाले तर तेल भरून पुढे ढकलण्यात अर्थ नाही.

लॉकअप लागतोय का

हायवेला तापणाऱ्या गाडीत स्कॅनरवर इंजिनचा वेग आणि गिअरबॉक्सच्या इनपुटचा वेग शेजारी शेजारी लावा. वरच्या गिअरला, ८० च्या आसपास, सपाट रस्त्यावर, ॲक्सिलरेटर स्थिर असताना दोन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. कायम १००-२०० चा फरक दिसत असेल तर कन्व्हर्टर सतत स्लिपवर आहे. स्कॅनर नसेल तर मोकळ्या रस्त्यावर, मागे गाडी नाही असं पाहून, ॲक्सिलरेटर न हलवता ब्रेक पेडल मागचा ब्रेकचा दिवा लागण्यापुरतं हलकं दाबा. लॉकअप सुटल्यामुळे आरपीएम किंचित उडी मारतो आणि पेडल सोडल्यावर परत बसतो. उडीच नसेल तर तो मुळात लागलेलाच नव्हता. पी०७४१ हा कोड लॉकअपचा, पी०२१८ तेल तापल्याचा. नुसता दुसरा सापडला तर तो लक्षण सांगतो, कारण नव्हे.

कूलरची लाइन आणि रेडिएटरचं आतलं

गाडी चढ चढून आल्यावर, इंजिन चालू असताना, गिअरबॉक्सपासून कूलरकडे जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या नळीचं तापमान लेझर थर्मामीटरने मोजा. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटा, कमी आकडा दाखवतं, म्हणून आधी दोन्ही नळ्यांना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळा आणि टेपवर मोजा. जाणारी कढत आणि येणारीही जवळपास तितकीच असेल तर कूलर काम करत नाही. येणारी चक्क गार असेल तर तेल वाहतच नाही, नळी दबली आहे किंवा आत गाळ अडकला आहे. पुढचा बंपर बदलताना चेपलेल्या नळ्या याच परीक्षेत पकडल्या जातात.

मुख्य कूलर रेडिएटरच्या टाकीतच बुडालेला असेल तर तेल तिथल्या कूलंटपेक्षा गार होऊच शकत नाही. म्हणून कूलंटची हेळसांड आधी गिअरबॉक्स बोलून दाखवतो. पुण्यात टँकरचं आणि बोअरचं पाणी जड असतं. धाब्यावर, वॉशिंग सेंटरवर 'थोडं टाकतो' म्हणत भरलेलं तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत क्षार धरतं. तयार मिसळलेलं कूलंट वापरा, किंवा कंपनीने सांगितलेलं कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

डिझेलची म्हणून आणखी एक भानगड आहे. बीएस-६ गाडीचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळतो तेव्हा एक्झॉस्ट ६०० अंशांच्या घरात जातो, आणि तो पाइप गिअरबॉक्सच्या शेजारून जातो. मधला पत्र्याचा हीट शील्ड ऑफरोडिंगमध्ये दगड लागून सैल होतो, खडखडतो म्हणून कोणीतरी काढून टाकतो. तो परत बसवा. आठवडाभर कोथरूड-बाणेर असे छोटे फेरे झाले असतील तर घाटाला जायच्या आदल्या दिवशी हायवेला अर्धा तास मोकळी पळवा, म्हणजे काजळीचं जळण सपाटीवरच उरकेल.

वजन, टायर, रीमॅप

आरसीवरचं एकूण वजन बघा आणि गाडी एकदा माणसांसह, डिझेल भरून, वजनकाट्यावर घाला. स्टीलचे बंपर, कॅनोपी, विंच, छतावरचा तंबू यांची बेरीज मालकांना कधीच खरी वाटत नाही. सिमेंटच्या सहा गोण्या म्हणजे ३०० किलो, आणि इतकं ओझं अनेक गाड्या कायमच बोल्टने आवळून फिरवत असतात.

टायरचं गणित तर लपलेलंच असतं. २६५/६० आर १८ चा व्यास ७७५ मिमी, २८५/६५ आर १८ चा ८२८ मिमी. जवळपास ७ टक्के उंच गिअरिंग झालं, म्हणजे प्रत्येक गिअरमध्ये ओढ तेवढी कमी आणि कन्व्हर्टर लॉक व्हायला वेग तेवढा जास्त लागणार. वर चाकंही जड. रीमॅप करून, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून, टॉर्क वाढवला असेल तर गिअरबॉक्सचा क्लच आणि कूलर जुन्याच टॉर्कच्या हिशेबाने बनलेत, हे लक्षात ठेवा. पुन्हा पुन्हा तापणाऱ्या गाडीत आधी मूळ मॅप परत टाकून बघणं हे सगळ्यात स्वस्त निदान आहे.

चालवताना

डोणज्यापुढे गोळेवाडीपासून चढ सुरू झाला की डी सोडा, मॅन्युअल मोडला पहिला किंवा दुसरा गिअर धरा, आरपीएम २००० ते २५०० मध्ये राहू द्या. आवाज वाढतो म्हणून लोक घाबरतात, पण खालच्या गिअरला इंजिनला टॉर्क कमी द्यावा लागतो आणि कन्व्हर्टरची स्लिप घटते. शिवाय पंखा आणि पंप दोन्ही जोरात फिरतात. रांगेत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकू नका. दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग एका दमात पुढे जा आणि ब्रेकवर थांबा. मागचा हॉर्न वाजवेल, वाजवू द्या. थांबा लांबला तर एन मध्ये, हँडब्रेक लावून.

शेताच्या किंवा किल्ल्याच्या मातीच्या वाटेवर सरळ फोर-लो (चारही चाकांना ताकद देणारा हळू वेगाचा टप्पा) लावा. ट्रान्स्फर केसचं (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीचं) गुणोत्तर अडीचच्या आसपास असतं, त्यामुळे कन्व्हर्टरवरचा भार झटकन उतरतो. कोरड्या डांबरावर किंवा काँक्रीटवर मात्र नाही, तिथे वळणांवर ड्राइव्हलाइन आखडते. चिखलात रुतल्यावर डी-आर-डी-आर करत गाडी झुलवणं दोन मिनिटांत तेल १२० पार नेतं. तीनदा झालं, निघाली नाही, तर फावडं काढा.

बंद पडलेली गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि आतले भाग कोरडे फिरतात. फ्लॅटबेडच मागवा.

एवढं करूनही तापत असेल तर बाहेरचा कूलर

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी डीलरकडून लेखी विचारून घ्या. स्टॅक्ड प्लेट प्रकारचा कूलर घ्या, नळीला पत्रे जोडलेल्या साध्या प्रकारापेक्षा तो त्याच मापात जास्त उष्णता काढतो. जागा कंडेन्सरच्या पुढे, पण टेकवून नाही, १५ ते २० मिमी फट ठेवून, पट्टीच्या ब्रॅकेटवर. जाळीतून आरपार जाणारे प्लास्टिकचे टाय वापरू नका, हादऱ्यांनी ते कंडेन्सरला भोक पाडतात. तेलाचा मार्ग आधी रेडिएटरमधला कूलर, मग हा, मग गिअरबॉक्स असा हवा. नळी एटीएफसाठीचीच, आतला व्यास मूळ लाइनइतका, बहुधा १० मिमीच्या आसपास. रेडिएटरची किंवा साधी डिझेलची नळी गरम एटीएफने काही महिन्यांत फुगते. नळी टर्बोच्या आणि एक्झॉस्टच्या पाइपपासून लांब, पंख्याच्या पात्यांपासून तर आणखी लांब बांधा.

कूलर आणि नळ्यांत ३०० ते ५०० मिली तेल जादा जातं, म्हणून पातळी पुन्हा वरच्याच पद्धतीने, सकाळी. पहिल्या २०० किलोमीटरनंतर गाडी लिफ्टवर घेऊन प्रत्येक क्लॅम्पखाली पांढरा कागद फिरवा. ओला लागला तर क्लॅम्प आवळा, आणि तरीही ओला राहिला तर नळीचं टोक १० मिमी कापून नव्याने बसवा.